समुद्रातल्या किल्ल्याचा फोटो काढायला जाताय? आधी तिथी बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडनं शनिवारी दुपारी गाड्या सुटतात, चोर्ला नाहीतर आंबोली उतरतात, सगळे सनसेट सनसेट करत किल्ल्यासमोर उभे राहतात आणि घरी येऊन बघितलं तर फोटोत किल्ला काळाठिक्कर. होणारच की! आपला समुद्र पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागं जातो. नुसती काळी आकृती पाहिजे असेल तर ठीक, पण बुरूज, तट, दगडांची जोडणी दिसायला पाहिजे तर सकाळीच जायचं. मालवणच्या जेट्टीवरनं सिंधुदुर्ग बघा, सूर्य पाठीला, तटावर समोरनं ऊन, महादरवाजाही गावाच्याच बाजूला. पहाटे आंबोलीच्या धुक्यातनं गाडी मारत जाण्यापेक्षा आदल्या रात्री मालवणात मुक्काम करा, मासे पण होतात.

आता पाणी. भरतीला तट थेट लाटांत उभा दिसतो आणि ओहोटीला पुढचे खडक उघडे पडतात, दोन्ही फोटो एकदम वेगळे. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा (पौर्णिमेनंतर परत एकपासनं मोजायचं). त्याच्यापुढं सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण-एक तास पुढं सरकते. म्हणजे सकाळच्या उन्हात तटाला पाणी लागलेलं पाहिजे तर अष्टमीच्या आसपास जा, खडक पाहिजेत तर पुनव-अमावास्या, तेव्हा उधाण असतं त्यामुळं पाणी मागंही जास्त हटतं. जागेप्रमाणं तासाभराचा फरक पडतो, मोबाईलवर टाईड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळा) बघून खात्री करा. खडकावर ट्रायपॉड लावून पाण्याकडं पाठ करून बसायचं नाही, एवढं ऐका.

संध्याकाळच पाहिजे म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या तेरेखोलला जावं. किल्ला नदीच्या उत्तर काठावर, आपण समोरच्या केरीच्या किनाऱ्यावर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैऋत्येला मावळतो, ऊन डावीकडनं तिरकं पडतं आणि तटाला असा उठाव येतो की एडिटिंगची गरजच नाही. मे महिन्यात ती मजा नाही. आणि मॅपवर नुसतं केरी टाकू नका, चोर्ला उतरल्यावर सत्तरीतलं केरी लागतं ते वेगळं, आपल्याला पेडण्याचं पाहिजे.

दीपगृहाची अडचण वेगळी, पांढरा रंग. गोव्यातल्या आग्वाद किल्ल्यावरचं जुनं दीपगृह, 1864 चं, भर उन्हात काढलं तर कॅमेरा फसतो आणि पांढरं ते मळकट येतं. एक्स्पोजर (फोटोतला उजेड) प्लस एकपर्यंत वाढवा, फोनवर बोट दाबून सूर्याचं चिन्ह वर सरकवा. खाली उभं राहून फोन वर केला की मनोरा मागं पडल्यासारखा दिसतो, लांब जाऊन झूम करा. चालू दीपगृह असेल तर सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी, आकाश निळं असतानाच काढा. झोत किती सेकंदांनी परत येतो ते आधी घड्याळात मोजा, तेवढं किंवा त्याच्या दुप्पट शटर उघडं ठेवा. अंदाजपंचे दाबत बसलात तर कधी उजेड येतो, कधी नाही.

होडीत मात्र शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा (1/1000) जास्त वेळ उघडं नको, होडी हलायलेली असते. खारं पाणी लेन्सवर उडालं तर कोरड्या कापडानं घासू नका, ओरखडे पडतात, आधी ओलसर कापडानं टिपा. एसी गाडीतनं दमट हवेत उतरलं की काचेवर वाफ धरते, बॅग अर्धा तास बंदच ठेवा.

सिंधुदुर्ग, आग्वाद पुरातत्त्व खात्याकडं आहेत, आत ट्रायपॉडला परवानगी लागते. सिंधुदुर्गातल्या शिवराजेश्वराच्या मंदिरात आधी विचारा, मग कॅमेरा काढा. सदाशिवगडाला जाणार असाल तर ड्रोन घरीच ठेवा, कारवारला नौदलाचा तळ आहे. आणि पावसाळ्यात मालवणच्या होड्या बंद असतात, तेव्हा जे काय काढायचं ते काठावरनंच.