दांगो कडक का होतात? या चुका टाळा

उकडीचे मोदक जमतात, मग दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे जपानी गोळे, काय अवघड, असं वाटतं आणि पहिली चूक तिथेच होते. घरातली तांदळाची पिठी पाणी घालून मळायची, गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. गरम असताना ते बरे लागतात, तासाभराने मात्र दात लागत नाही इतके घट्ट होतात.

दोष हाताचा नाही, पिठाचा आहे. जपानमध्ये दांगोला प्रामुख्याने दोन पिठं लागतात. जोशिन्को ही रोजच्या भाताच्या तांदळाची, म्हणजे आपल्या मोदकाच्या पिठीची बहीणच. शिरातामाको चिकट तांदळाची. तांदूळ भिजवून पाण्यासकट वाटतात आणि कुरडयांच्या चिकासारखा खाली बसलेला साका वाळवतात, म्हणून ती कण्यांसारखी दिसते. जोशिन्को चावा देते, शिरातामाको मऊपणा. नुसत्या जोशिन्कोचे दांगो करायचे तर गरम पाण्यात मळून, वाफवून, पुन्हा चांगलं कुटून-मळून घ्यावं लागतं. घरी करताना दोन्ही १००-१०० ग्रॅम घ्यावीत, हे माझं ठाम मत. शिरातामाको मिळाली नाही तर थाई सामानाच्या दुकानातलं चिकट तांदळाचं पीठ चालतं. पाकिटावरच्या ‘ग्लुटिनस’ला घाबरू नका, त्यात ग्लुटेन नसतं.

पाणी एकदम ओतू नका. आधी शिरातामाकोच्या कण्या थोड्या गार पाण्यात पूर्ण विरघळवा, बोटांना खर लागता कामा नये. मग जोशिन्को घालून चमच्या-चमच्याने पाणी वाढवा. एकूण साधारण १६० मिली लागतं, पण पिठापिठात फरक पडतो. जपानी घरांत याची खूण कानाची पाळी: मळलेला गोळा दाबून पाहावा, तेवढाच मऊ लागला पाहिजे. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

गोळा वर तरंगला की काढायचा, ही घाईही नडते. एक गोळा सुरीने मधोमध कापून बघा. आत पांढरा, पिठूळ ठिपका दिसला तर तो कच्चा आहे. तरंगल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं उकळू द्या आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, म्हणजे पृष्ठभाग घट्ट आणि चकचकीत होतो.

उरलेले फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत स्टार्च पुन्हा घट्ट होतो, शिळा भात फ्रिजमध्ये टणक होतो तसाच. त्याच दिवशी संपवा, नाहीतर फ्रीझरमध्ये ठेवून खाताना उकळत्या पाण्यात सोडा.

मिताराशी दांगोचं नाव क्योटोच्या शिमोगामो देवळातल्या मिताराशी तळ्यावरून आलं, तिथल्या पाण्यातल्या बुडबुड्यांवरून म्हणतात. त्याचा सोया सॉस-साखरेचा रस गुठळ्या धरतो, कारण दाटपणासाठीचा स्टार्च थेट गरम रसात टाकला जातो. तो गार पाण्यात कालवूनच घाला आणि रस पारदर्शक होईपर्यंत ढवळा. दांगो काडीला लावून आधी थोडे भाजा. त्या करपट डागांवाचून मिताराशीला चव नाही.

हानामीच्या, म्हणजे साकुराच्या (चेरीच्या फुलांच्या) बहरातल्या तिरंगी दांगोत वर गुलाबी, मध्ये पांढरा, खाली हिरवा असा क्रम असतो. रंग चिमूटभरच हवा.

त्सुकिमीला, चंद्रदर्शनाच्या रात्री, १५ दांगो रचतात: खाली ९, वर ४, टोकाला २. २०२५ मध्ये ही रात्र ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीलाच आली होती. वरच्या प्रमाणात साधारण २४ ग्रॅमचे १५ गोळे होतात. ते अगदी वाटोळे करू नका. मृताच्या उशाशी ठेवायचे दांगो पूर्ण गोल असतात, म्हणून सणाचे वरून किंचित दाबतात. क्योटोकडे तर आकारच वेगळा, अळकुडीसारखा लांबट, वर गोड वाटलेल्या लाल चवळीसारख्या अझुकीचा थर. रचण्याआधी दांगो पुरते गार होऊ द्या, नाहीतर खालचे ९ दबून एकमेकांना चिकटतात.