ईस्टरसाठी शाळेत दानपेटी ठेवताना

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात येतात आणि त्याच दिवशी शाळेच्या कार्यालयासमोर पुठ्ठ्याची दानपेटी ठेवली जाते. पुढचे सहा आठवडे मुलं घरी पैसे मागतात, आईवडील देतात, पेटी भरते. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात ती रक्कम कोणाच्या तरी हाती सोपवली जाते आणि एक फोटो निघतो. वसईतल्या एका मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. त्यातली बरीच वर्षं ही पेटी माझ्याकडेच होती. मला वाटतं, या पद्धतीत दान होतं, पण मुलाच्या हातून काहीच सुटत नाही. उपवासकाळात मुलाच्या हातून काहीतरी सुटलं पाहिजे, आणि ते नेमक्या एका माणसापर्यंत पोचलं पाहिजे. हे कसं जुळवायचं, ते इथे क्रमाने सांगते.

आधी दिनदर्शिका उघडा

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा ढोबळ हिशोब आहे. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे. मधले दिवस मोजले तर सेहेचाळीस भरतात. त्यातले सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. मुलांना हे फळ्यावर मोजून दाखवा. त्यांना फार आवडतं.

आपल्याकडे हा काळ दहावीच्या परीक्षेला येऊन भिडतो. म्हणून दहावीच्या मुलांवर कसलीही जबाबदारी टाकू नका. कामाचा भार आठवी-नववीने उचलावा.

पेटीआधी माणूस शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. पैसे जमले की ‘आता द्यायचे कोणाला’ म्हणून शोधाशोध सुरू होते. निदान महिनाभर आधी चार जणांशी बोला: धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर, वर्गशिक्षक, शाळेचे शिपाईमामा आणि धर्मग्रामातले सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद. कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे या सभासदांना ठाऊक असतं, कारण ते घरोघरी जातात आणि गाजावाजा करत नाहीत. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी सुरू केली, तेव्हा ओझानाम वीस वर्षांचा कॉलेजविद्यार्थी होता. नववीच्या वर्गात हे मुद्दाम सांगा. वीस वर्षं त्यांच्यापासून फार लांब नाहीत.

गरज कुठेही सापडेल. तुमच्याच शाळेत गणवेशाला जोडलेलं ठिगळ दप्तराने झाकून येणारी मुलं असतात. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे आश्रमशाळा आहेत. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास रुग्णाचे नातेवाईक फूटपाथवर दिवस काढतात. देशभरच्या कामाला हातभार लावायचा असेल, तर कॅरितास इंडिया ही कॅथलिक चर्चची मदतसंस्था दर उपवासकाळात मोहीम चालवते. यातलं एकच निवडा. सगळीकडे थोडं थोडं दिलं की मुलांच्या डोळ्यांपुढे कोणाचाच चेहरा उभा राहत नाही.

निवड झाली की एका ओळीत लिहून काढा: कोणाला, काय, किती, केव्हा. ‘अमुक आश्रमशाळेतल्या चाळीस मुलांना, पावसाळी चपला, चाळीस जोड, जूनमध्ये शाळा उघडेल त्या आठवड्यात.’ इतकं नेमकं लिहिता आलं नाही, तर अजून चौकशी बाकी आहे असं समजा.

‘जून’ मी सहज लिहिलेलं नाही. ईस्टरच्या आठवड्यात गरजू घरी तांदूळ आणि नवे कपडे देणारे पुष्कळ हात असतात. वह्या, छत्री, चपला, दप्तर हे सगळं एकदम अंगावर येतं ते शाळा उघडताना, पावसाच्या तोंडावर. तेव्हा पेट्या रिकाम्या झालेल्या असतात. ईस्टरला जमलेलं जूनपर्यंत राखून ठेवायला काहीच हरकत नाही. ईस्टर काही एका रविवारी संपत नाही. पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत पन्नास दिवसांचा तो काळ आहे.

पालकांना चिठ्ठी पाठवा

आमच्या शाळांत हिंदू, मुस्लिम, आदिवासी घरांतली मुलं बरोबरीने शिकतात. त्यांना कुठेही अवघड वाटता कामा नये. चिठ्ठी लहान आणि स्पष्ट असावी. अशी लिहिता येईल:

‘प्रिय पालक, या उपवासकाळात आपली मुलं स्वतःच्या खाऊतलं थोडं बाजूला ठेवून आश्रमशाळेतल्या चाळीस मुलांना जूनमध्ये पावसाळी चपला देणार आहेत. यासाठी मुलांना वेगळे पैसे देऊ नयेत. मुलाने आपणहून काही सोडलं, तर तेवढंच पाकिटात टाकू द्यावं. पाकिटावर नाव लिहू नये. पाकीट रिकामं आलं तरी चालेल. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे.’

‘वेगळे पैसे देऊ नयेत’ हे वाक्य काही पालकांना खटकतं. मोठी रक्कम द्यायची इच्छा असलेल्यांनी ती थेट शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात द्यावी आणि पावती घ्यावी. मुलांच्या पेटीत ती मिसळू नका.

मुलांनी काय सोडायचं

कॅथलिक नियमाप्रमाणे शुक्रवारी मांस वर्ज्य करणं चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतं आणि राखेच्या बुधवारचा व शुभ शुक्रवारचा (गुड फ्रायडेचा) उपवास अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना. म्हणजे शाळेतल्या बहुतेक मुलांवर उपवासाचं बंधनच नाही. त्यांना उपाशी राहायला सांगू नका. मधल्या सुट्टीतला वडापाव आठवड्यातून एकदा सोडणं, चालण्याजोगं अंतर असेल तर रिक्षाऐवजी चालत येणं, एवढं पुरे. अमेरिकेत १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन गावी अशीच एक रीत सुरू झाली. आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी घरोघरी आठवड्यातून एकदा साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे पुठ्ठ्याच्या डब्यात टाकायचे. आपल्याकडे शुक्रवारी पेज आणि लोणचं केलं, तरी तेच होतं.

आता ज्या मुलाच्या खिशात एक रुपयाही नसतो, त्याचं काय? त्याला या कामात दुय्यम जागा मिळता कामा नये. म्हणून पैशांच्या जोडीला हातांनी करायचं काम ठेवा. आमच्याकडे सगळ्यात चांगलं चाललेलं काम कोऱ्या पानांचं होतं. वार्षिक परीक्षा संपली की प्रत्येक मुलाच्या वह्यांत मागची दहा-वीस पानं कोरी उरतात. ती अलगद सुटी करायची, एकाच आकाराची साठ-सत्तर पानं जुळवायची, कडेला दाभणाने पाच भोकं पाडायची आणि जाड दोऱ्याने शिवायची. वर जुन्या दिनदर्शिकेचं पान, कोरी बाजू बाहेर. दाभण मोठ्यांच्याच हाती द्या. एका वर्षी सहावीतला एक मुलगा शिवण इतकी ताठ आणि सरळ घालायचा, की शेवटी मुली आपापली पानं घेऊन त्याच्यापुढे रांग लावायच्या. पाकिटात त्याने कधी काही टाकलं की नाही, मला माहीत नाही. माहीत असायचं कारणही नाही.

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं

पेटीला चिंतनाची जोड नसेल, तर ती नुसती वर्गणी होते. शुभ शुक्रवारी शाळा बंद असते, त्याआधी सहा शुक्रवार मिळतात. क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या चौदा प्रसंगांवरची, चौदा स्थानांची प्रार्थना. सहाही शुक्रवारी ही चौदाही स्थानं घाईघाईने म्हणू नका. एका शुक्रवारी एकच स्थान घ्या आणि त्यावर थांबा.

माझा भर नेहमी पाचव्या स्थानावर असे. कुरेनेकर शिमोन रानातून परत येत होता. त्याला वाटेत धरून येशूचा क्रूस उचलायला लावलं. तो मदत करायला आलेला नव्हता. सकाळपासून राबून घरी निघालेला माणूस होता. आमच्या मुलांना हा माणूस लगेच ओळखू येतो, कारण वाडीतून माती भरलेल्या पायांनी परत येणारे आजोबा त्यांनी पाहिलेले असतात. गोष्ट सांगून झाली की एकच प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात तुला न विचारता कोणाचं ओझं तुझ्या वाट्याला आलं?’ उत्तर मोठ्याने मागू नका. मिनिटभर शांत बसा आणि मग पाकिटं गोळा करा. हा प्रश्न सगळ्या धर्मांच्या मुलांना विचारता येतो. प्रार्थनेत सामील व्हायचं की नुसतं बसायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणखी एका शुक्रवारी बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातली दरिद्री विधवा घ्या. तिने मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे एक दमडी टाकली. टोली म्हणजे काय, दमडी म्हणजे काय, हे मुलांनी आजीला विचारून यावं. उरलेल्या शुक्रवारांसाठी येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका आहे, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याचा उपवास आहे.

पेटी, मोजणी, हिशोब

सगळ्यांना एकसारखी पाकिटं द्या. शुक्रवारी प्रत्येक मुलाने पाकीट टाकायचं, भरलेलं असो की रिकामं. कोणी काय टाकलं, हे कोणालाच कळत नाही. पेटीला दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे. मोजणी एक शिक्षक आणि शिक्षक-पालक संघाचे एक पालक मिळून करतील. वहीत दोघांच्या सह्या. रक्कम त्याच दिवशी संस्थेच्या बँक खात्यात. शाळेच्या कपाटात रात्रभर रोकड ठेवू नका.

आणि वर्गवार आकडे कधीही लावू नका. ही चूक मी केली आहे. चुरस लागेल म्हणून एका वर्षी सूचनाफलकावर इयत्तावार तक्ता लावला. त्या वर्षी पाकिटंही नव्हती, मुलं उघड्या हाताने पैसे टाकायची. चुरस लागलीही. दुसऱ्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा शुक्रवारी गैरहजर राहिला, तिसऱ्या आठवड्यातही. त्याची आई पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन दादरला जायची. एका दुपारी ती रिकामी टोपली घेऊन थेट शाळेत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, ‘बाई, पेटीत टाकायला काय नाय, म्हणून तो येत नाय. मी त्याला पोटदुखी लिहून देत होते.’ तक्ता मी तिच्यासमोरच काढला. राखेच्या बुधवारच्या शुभवर्तमानात उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं आम्ही स्वतःच वाचून दाखवलं होतं.

शेवटी फक्त एकूण रक्कम जाहीर करा आणि खर्चाची बिलं फलकावर लावा.

पवित्र आठवडा आणि त्यानंतर

या आठवड्यात वाटप ठेवू नका. झावळ्यांच्या रविवारपासून घरं आणि चर्च दोन्ही गजबजलेली असतात. शाळेत एकच गोष्ट करा. पवित्र गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. त्या दिवशी शाळा असेल, तर दुपारी पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या ताईंना आणि शिपाईमामांना बाकावर बसवा आणि मुख्याध्यापकांनी व शिक्षकांनी त्यांना वाढावं. भाषण नको, हार नको. मुलं बघत असतात, तेवढं पुरेसं आहे.

ईस्टरनंतर शाळा भरेल त्या पहिल्या सकाळी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय वाचा. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकामे परततात आणि किनाऱ्यावर पुन्हा उठलेला येशू कोळशाच्या विस्तवावर मासळी ठेवून त्यांची वाट बघत असतो. तो म्हणतो, या, न्याहारी करा. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही, तोच तुम्हाला समजावून सांगेल. येशूच्या सांगण्यावरून पुन्हा टाकलेल्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे होते, हेही तो मोजून लक्षात ठेवतो. वाचन झालं की प्रत्येक वर्गाने घरून आणलेलं एकत्र करून न्याहारी करावी. केळी, चपाती, उकडलेली अंडी, जे असेल ते. एकूण रक्कम तेव्हाच सांगा.

देताना

चपला द्यायच्या असतील, तर अंदाजाने आकार घेऊ नका. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मुलं घरी जाण्याआधी आश्रमशाळेतल्या गुरुजींना कोरे कागद पाठवा. प्रत्येक मुलाने कागदावर पाय ठेवायचा आणि मित्राने पेन्सिलीने भोवती रेघ ओढायची. जूनपर्यंत पाय वाढतात, म्हणून एक आकार मोठा घ्या. नावांची गरज नाही, कागदावर क्रमांक पुरे.

पहिल्यांदा असे कागद आले, तेव्हा आम्ही ते नववीच्या वर्गात जमिनीवर पसरले. काहींवर ओला अंगठा उमटला होता. एकावर टाचेच्या जागी कागद फाटला होता. एक पाय इतका लहान होता, की तो पहिलीतला असणार हे मुलींनी न सांगता ओळखलं. त्या सकाळी वर्गात कोणी दंगा केला नाही. मुलं एकेक कागद उचलून स्वतःचा पाय त्यावर ठेवून बघत होती.

वाटपाला दोन-तीन मुलं आणि एक शिक्षक इतकेच जा. कापडी फलक नको, रांगा नकोत, घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो नको. चपला गुरुजींच्या हाती द्या, ते आपल्या वेळेने आणि आपल्या पद्धतीने वाटतील. न्यायला दोन-चार जोड जास्तच ठेवा. यादी झाल्यानंतर दाखल झालेलं एखादं मूल तिथे दाराशी उभं असतंच.