आंतरक्रियेची चाचणी कशी करावी: कांद्याच्या वाफ्यावरचे उदाहरण

निफाड तालुक्यातील कांद्यावर संशोधन करणारा विद्यार्थी बहुधा दोन प्रश्न विचारतो: ठिबकने उत्पादन वाढते का, आणि पालाश (पोटॅश) खताने वाढते का? शेतकऱ्याच्या अधिक कामाचा तिसरा प्रश्न मात्र राहून जातो, तो म्हणजे पालाशाचा फायदा ठिबकवर आणि पाटपाण्यावर सारखाच मिळतो का? हा फायदा पाण्याच्या पद्धतीनुसार बदलत असेल, तर त्या बदलाला आंतरक्रिया म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ फिशर आणि मॅकेन्झी यांनी 1923 मध्ये बटाट्याच्या वाणांबाबत हाच प्रश्न विचारला होता: सगळे वाण खताला सारखाच प्रतिसाद देतात का?

प्रथम, माहिती गोळा करण्यापूर्वीच अपेक्षित आंतरक्रिया आणि तिचे कारण लिहून ठेवावे. त्यानंतर चारही जोड्या (पाटपाणी किंवा ठिबक, पालाशासह किंवा त्याविना) पुरेशा वाफ्यांवर घ्याव्यात. ठिबकची नळी एकेका वाफ्याऐवजी संपूर्ण पट्ट्याला जोडलेली असेल, तर विश्लेषणातही पट्टा हा वेगळा स्तर मानावा लागतो. ही बाब प्रबंधांत वारंवार दुर्लक्षिली जाते.

आता आकडेमोड. समजा, पाटपाण्यावर पालाशाविना एकरी सरासरी 80 क्विंटल व पालाशासह 90 क्विंटल, तर ठिबकवर अनुक्रमे 100 आणि 125 क्विंटल कांदा निघाला. पालाशाने झालेली वाढ एकीकडे 10 आणि दुसरीकडे 25 आहे. या दोन वाढींमधला 15 क्विंटलचा फरक हीच आंतरक्रिया. दोन्ही चलांना 0 आणि 1 असे संकेतांक देऊन, त्यांच्या गुणाकाराचे तिसरे पद समाश्रयणात (रिग्रेशनच्या समीकरणात) घातल्यास त्या पदाचा सहगुणक (त्याच्यापुढचा आकडा) 15 येतो आणि चाचणी त्याचीच करायची असते. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीत ‘उत्पादन ~ ठिबक * पालाश’ असे सूत्र लिहिले की मुख्य पदे (एकटे ठिबक आणि एकटे पालाश) आपोआप समाविष्ट होतात. ती पदे काढून टाकू नयेत, आणि येथे पालाशाचा सहगुणक 10 हा केवळ पाटपाण्यापुरता आहे, सर्वसाधारण परिणाम नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत घातक चूक म्हणजे दोन्ही गट वेगवेगळे तपासून ‘ठिबकवर परिणाम सार्थ (केवळ योगायोगाने आलेला नसावा असा), पाटपाण्यावर नाही, म्हणून आंतरक्रिया आहे’ असा निष्कर्ष काढणे. एक निकाल सार्थ आणि दुसरा असार्थ असला, तरी त्या दोहोंमधला फरक सार्थ ठरेलच असे नाही. तो फरकच थेट तपासला पाहिजे.

त्यासाठी वाफेही बरेच लागतात. समतोल 2 × 2 रचनेत, वरीलप्रमाणे मोजलेल्या आंतरक्रियेची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) मुख्य परिणामाच्या, म्हणजे एका घटकाच्या सरासरी परिणामाच्या, त्रुटीच्या दुप्पट असते. म्हणून मुख्य परिणामाच्या निम्म्या आकाराची आंतरक्रिया तितक्याच खात्रीने पकडण्यासाठी त्रुटी एक-चतुर्थांश करावी लागते, आणि त्यासाठी नमुना 16 पट लागतो. मोजक्या वाफ्यांवर ‘आंतरक्रिया आढळली नाही’ असे लिहिणाऱ्याने या कारणास्तव पी-मूल्यासोबत (चाचणीच्या निकालाच्या आकड्यासोबत) विश्वास अंतराल, म्हणजे आंतरक्रियेच्या संभाव्य मूल्यांची मर्यादा, द्यावाच, आणि चारही सरासरी एका आलेखावर दाखवाव्यात. उत्पादनाचे लॉगरिदम घेतल्यास आंतरक्रिया कमी किंवा नाहीशी होऊ शकते, त्यामुळे कोणती मोजपट्टी वापरली तेही नमूद करावे.