गुऱ्हाळाच्या चुलवणाला आयोनायझर लावताय? या चुका टाळा

शिराळा-वाळव्याकडच्या गुऱ्हाळावर कोणी डबा घेऊन आलं आणि म्हणालं, "चुलवणात हवा फुंकणाऱ्या पंख्याला हा आयोनायझर जोडा, हवा भारित होते, चिपाड कमी लागतं," तर लगेच पैसे मोजू नका. डब्यानं दर घनसेंटिमीटर हवेत 10 लाख आयन (विद्युतभारित कण) सोडले असं उदार मनानं धरलं, तरी हवेच्या सुमारे 25 लाख कोटी रेणूंमागे एक आयन पडतो. त्यातलेही बरेच लोखंडी पायपाला टेकून वाटेतच संपतात.

ज्वाळेला आयन बाहेरून लागतच नाहीत. इंधन जळतानाच ते तयार होतात, म्हणून ज्वाळेतून थोडी वीज वाहते. काही हजार व्होल्टच्या दोन पट्ट्यांमध्ये मेणबत्ती धरली तर ज्योत ऋण पट्टीकडे झुकते. (घरी करून बघू नका.) पण ज्योत झुकली म्हणजे उष्णता वाढली, असं नाही. पातळ मिश्रण (हवा जास्त, इंधन कमी) पेटवायला प्लाझ्मा, म्हणजे आयनांनी भरलेला वायू, उपयोगी पडतो हे खरं. पण तिथे अतिसूक्ष्म काळाचे जोरदार विद्युत् ठोके ज्वलनाच्या जागीच देतात. पंख्याच्या तोंडावरच्या डब्याशी त्याचा संबंध नाही.

चाचणीत हमखास फसगत होते. डबा बसवताना धुराडं साफ होतं, पंखाही वाढवला जातो, आणि श्रेय डब्याला! पंखा तसाच चालू ठेवून फक्त डब्याची वीज बंद करा. रस तेवढाच, चिपाड त्याच ढिगातलं, दर काहिलीला (रस आटवायच्या कढईला) वजन करून. मग बोला.

बचत हवी तर चिपाड वाळवा. चरकातून निघालेल्या चिपाडात साधारण निम्मं पाणी असतं. ते उडवण्यातच जाळ खर्ची पडतो. शिवाय चिपाडाच्या भुश्शाजवळ डब्यातल्या उच्च दाबाच्या विजेची ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण, आणि डब्यातून निघणारा ओझोन रबरी नळ्यांना चिरा पाडतो.

ज्वाळेतल्या विजेचा खरा उपयोग कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या भट्टीच्या गॅस बर्नरवर दिसेल. बर्नर पेटून काही सेकंदांत बंद पडतो? गॅसचा व्हॉल्व्ह बदलण्याआधी ज्वाळेत शिरलेली, ज्वाळा पेटली आहे का ते ओळखणारी सेन्सर दांडी बघा. तिच्यातून जेमतेम काही मायक्रोअँपिअर वाहतात. काजळी बसली किंवा चिनी मातीचं आवरण तडकलं की कंट्रोलरला ज्वाळा 'दिसत' नाही. दांडी बारीक पॉलिश पेपरनं पुसा, अर्थिंग तपासा. तरीही बंद पडत असेल तर नुकतंच वायरिंग झालंय का ते विचारा. फेज-न्यूट्रल उलटे जोडले तरी काही बर्नर असेच अडतात.