परदेशात कोल्हापुरी मिसळ करताना या चुका टाळा

थंडी पडली की म्युनिकहून धाकट्या बहिणीचा फोन येतो आणि खुशाली विचारून होण्याआधीच विषय मिसळीवर जातो. रंकाळ्याकाठची भेळ, गंगावेशीतले धारोष्ण दूध यांच्यावाचून तिचे निभते. कटावाचून, म्हणजे मिसळीवर ओतायच्या झणझणीत लाल रश्श्यावाचून, मात्र निभत नाही. तिच्या बिघडलेल्या मिसळींचे निदान मी कोल्हापुरात बसून करत आलो आहे आणि त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिली चूक मटकीची. आपल्याकडे फडक्यात बांधून ठेवलेली मटकी एका रात्रीत मोड काढते, म्हणून तिथेही तसेच होईल असे गृहीत धरले जाते. परंतु थंड ओट्यावर ती तशीच पडून राहते आणि फडक्यात पाणी राहिले असेल तर आंबते. आठ-दहा तास भिजवून, पूर्ण निथळून, सैल बांधलेली मटकी बंद ओव्हनमध्ये केवळ दिवा चालू ठेवून ठेवावी. तेवढी ऊब पुरते. मटकी बुळबुळीत झाली किंवा तिला आंबूस वास आला, तर ती टाकून द्यावी.

खरा घोटाळा चटणीत होतो. कोल्हापुरात ‘चटणी’ म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेले तिखट, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. आईने लिहून दिलेल्या ‘दोन चमचे चटणी’वरून बहिणीच्या तमिळ मैत्रिणीने एकदा कटात ओल्या नारळाची चटणी घातली होती. घरची चटणी संपल्यावर पॅप्रिकाने, म्हणजे तिकडच्या सौम्य लाल मिरचीपुडीने, काम भागवणे ही त्याहून सर्रास घडणारी चूक होय. साध्या पॅप्रिकाने रंग येतो, तिखटपणा येत नाही. नुसत्या झणझणीत मिरचीपुडीने याच्या उलट होते. आपल्या चटणीत रंगासाठी ब्याडगी आणि तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची असते, म्हणून तिथेही दोन प्रकारच्या मिरच्या एकत्र कराव्यात आणि कांदा, लसूण, तीळ, धणे व सुके खोबरे भाजून त्यांत वाटावे. खोबऱ्याचे पाकीट घेताना त्यात साखर नाही ना, हे पाहावे.

कट काळा आणि कडू झाला, तर दोष बहुधा शेगडीचा असतो. गॅस बंद केला की आच थांबते. विजेची तबकडी मात्र बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि तेवढ्यात चटणी करपते. म्हणून आले-लसूण परतून झाल्यावर भांडेच उचलून बाजूला घ्यावे, तेल किंचित निवल्यावर चटणी घालावी आणि लगेच पळीभर गरम पाणी ओतावे. तवंग येत नसेल, तर तेल कमी पडले आहे किंवा कट मंद आचेवर पुरेसा उकळलेला नाही. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नव्हे. तब्येतीच्या काळजीने चमचाभर तेलात केलेला कट हा निव्वळ लाल पाण्याचा रस्सा होतो. ऑलिव्ह तेलाचा उग्र वासही इथे नको.

पावाबद्दल फार बोलण्यासारखे नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो, त्यामुळे परदेशात लादी पाव शोधत हिंडण्याची गरज नाही. साधा, न भाजलेला पांढरा ब्रेड घ्यावा. आंबवलेल्या पिठाचा आंबट, कडक कवचाचा ब्रेड मात्र कट नीट शोषत नाही आणि लिंबाबरोबर त्याची चव अधिकच आंबट लागते.

शेव-चिवडा आधी घालून ठेवू नये. पाहुणे ताटावर बसल्यावरच कट उकळता वाढावा.