चासीचं वजन करताना

डिचोलीत वाढलेल्या माणसाला वजनकाटा म्हटलं की खनिजाचे ट्रकच आठवतात. त्यामुळे घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग करून उभी केलेली माझ्या घरगुती गाडीची चासी, म्हणजे तिचा नळ्यांचा सांगाडा, तोलायची वेळ आली, तेव्हा मी ती पिकअपमध्ये घालून सरळ ट्रकांच्या काट्यावर नेली. आधी भरलेली पिकअप, मग रिकामी. फरक ८० किलो. पुन्हा केलं, तर ६०! तो काटा २०-२० किलोंनीच पुढे सरकतो. ट्रकला ते चालतं. माझ्या पावतीचे पैसे गेले अक्कलखाती.

गाडी लोटस सेव्हनच्या वळणाची आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमनने आणलेली ती दोन माणसांची, लांब नाकाची, नळ्यांच्या सांगाड्याची गाडी. माझ्या गाडीला इंजिन मात्र मारुती ओम्नीचं, ७९६ सीसी. एवढ्याशा इंजिनाला दर किलो जाणवतो, म्हणून वजनाची एवढी उठाठेव.

तुम्ही पहिल्यांदाच बांधत असाल तर काट्याआधी वही काढा. २५ मिमी चौकोनी, १.६ मिमी जाडीची नळी मीटरला साधारण १.१७ किलो भरते. १ मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो. माझी नळी ४२ मीटर, म्हणजे ४९ किलो. तळाचा पत्रा १४, ब्रॅकेट वगैरे ५. एकूण ६८. हा आकडा हाताशी नसेल तर काटा काय सांगतोय ते कळतच नाही.

मग माणसांचे काटे घेतले, चार. एक घरचा, तीन शेजाऱ्यांचे. पाण्याने भरलेला २० लिटरचा तोच जार चारही काट्यांवर ठेवून पाहिला. शेजारच्या काकूंचा काटा ६०० ग्रॅम जास्त दाखवतो. तेवढे वजा करून घेतले. काकूंना अजून सांगितलेलं नाही. डिजिटल काटा रिकामा असतानाच चालू करायचा, कारण चालू होताना तो शून्य धरतो. आकडा चासीखाली झाकला जातो म्हणून वर लाकडी ठोकळे ठेवायचे, पण ठोकळ्यांचं वजन आधी लिहून. चासी चौघांनी एकदम खाली टेकवायची.

आकडे आले: पुढे डावीकडे २४.१, उजवीकडे १२.९, मागे डावीकडे १४.२, उजवीकडे २५.३. बेरीज ७६.५. माझं तोंड उतरलं. डावी-उजवी सारखीच बांधलेली चासी अशी तिरपी कशी? दोन दिवस मी वेल्डिंगला शिव्या घातल्या. शेवटी समोर काम करणाऱ्या गवंड्याने पातळी बघायची पाण्याची नळी लावून दाखवलं, की शेडची जमीन एका कोपऱ्यात खचली आहे. चार पायांचं स्टूल डुगडुगतं तेव्हा भार तिरप्या रेषेत समोरासमोर असलेल्या दोन पायांवर जातो, तसंच हे. चासी ताठ असल्यामुळे काही मिलिमीटरच्या फरकानेही कोपऱ्यांचे आकडे बिघडतात, बेरीज मात्र बिघडत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून चारही ठोकळे एका पातळीत आणले: १८.६, १८.३, १९.६, १९.८. बेरीज ७६.३. घरच्या काट्यांवर दोनशे ग्रॅमचा फरक मी मनाला लावून घेत नाही.

या चार आकड्यांतून गुरुत्वमध्यही निघतो. माझे पुढचे-मागचे ठोकळे १८० सेंमी अंतरावर होते. मागचा भार ३९.४ भागिले एकूण ७६.३, गुणिले १८०: पुढच्या ठोकळ्यांपासून ९३ सेंमी. उंची यातून कळत नाही. त्यासाठी चासी एका टोकाने दोरीला टांगा, ओळंबा सोडा, खडूने रेघ मारा. मग दुसऱ्या बिंदूतून टांगा. रेघा जिथे छेदतात तिथे तो.

राहिले वहीतल्यापेक्षा वाढलेले आठ किलो. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तेव्हा कळलं, की दुसऱ्या खेपेला आणलेली २४ मीटर नळी २ मिमी जाडीची होती. तिथेच साडेसहा किलो गेले. उरलेलं वेल्डिंगमध्ये आणि मी भीतीपोटी लावलेल्या जादा पट्ट्यांत. दुकानात नळीच्या तोंडाला व्हर्निअर लावायला लाजू नका. दुकानदार थोडा वैतागतो, एवढंच.

ही गाडी रस्त्यावर आणायचा विचार असेल तर त्याची चौकशी आधीच करा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खालची प्रोटोटाइप (नमुना गाडीची) चाचणी घरगुती खिशाला झेपणारी नाही. माझी गाडी आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटेवरच फिरणार.

आता गंज रोखणारा रेडऑक्साइड रंग मारायचाय. त्याआधी चासीच्या मधल्या नळीवर मार्करने ७६.३ लिहून फोटो काढून ठेवलाय. इंजिन बसलं की पुन्हा काटे मागायला जायचं आहे, या वेळी दीडशे किलोंवर तोलणारे.