पवन मावळातले चार किल्ले कसे पाहावेत

लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चार किल्ले चार वेगवेगळ्या रविवारी उरकून टाकणारी माणसं मला नेहमी भेटतात. लोहगडाचे दरवाजे छान आहेत, विसापूरवर बघायला फारसं काही नाही, तिकोना सोपा आणि तुंग दमवतो, एवढं त्यांच्याकडून हमखास ऐकायला मिळतं. खोटं त्यात काही नाही. पण हे किल्ले सुटे सुटे नाहीतच. लोणावळ्याजवळच्या पवना नदीच्या खोऱ्याभोवती ते एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात उभे आहेत. त्यामुळे कुठल्याही गडावर पोचलात की फोटो नंतर काढा, आधी बाकीचे तीन शोधा.

यासाठी हवा स्वच्छ हवी. जुलै-ऑगस्टमध्ये मी कुणालाही इकडे नेत नाही. ढगात चढायचं, ढगात भिजायचं आणि ढगातूनच उतरायचं, त्यात खोरं कुठलं दिसणार? वर पावसाळी शनिवार-रविवारी लोहगडाच्या रस्त्यावर गाड्या अडकून पडतात त्या वेगळ्याच. सप्टेंबर सरत आला की सोनकी फुललेली असते, टाक्यांत पाणी असतं आणि लांबचं स्पष्ट दिसायला लागतं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत जावं, आणि जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी.

निघण्याआधी नकाशावर एक गोष्ट बघून घ्या. लोहगड-विसापूरचा डोंगर दोन नद्यांच्या मधोमध आहे: उत्तरेला इंद्रायणी, दक्षिणेला पवना. बोरघाटाने कोकणातून वर येणारा माल याच भागातून देशावर जायचा. भाजे, कार्ले, बेडसे ही लेणी इथेच का खोदली गेली, याचं उत्तर त्या वाटांत आहे. किल्ले पुष्कळ नंतरचे, पण राखायच्या वाटा त्याच.

पहिला दिवस लोहगड-विसापूरचा. पुण्याहून पहाटेची लोणावळा लोकल धरून मळवलीला उतरायचं. (दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो, परतीचं वेळापत्रक आधीच बघा.) द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव येतं. लेणी बघायची तर तासभर हाताशी ठेवा. चैत्यगृह सगळेच बघतात. पुढे एका कोपऱ्यात दाटीने उभे असलेले १४ स्तूप चुकवू नका. तिथून गायमुख खिंडीपर्यंत चढ आहे. खिंडीत एका हाताला लोहगडवाडी आणि दुसऱ्या हाताला विसापूर.

इथे माझा हट्ट असतो: आधी विसापूर. सोबतचे कुरकुरतात, कारण लोहगडाला बांधीव पायऱ्या आहेत आणि विसापूरची वाट दगडधोंड्यांच्या नाळेतून, म्हणजे डोंगराच्या घळीतून, जाते. पावसाळ्यात याच नाळेतून पाणी धो धो खाली येतं, तेव्हा तिच्या वाटेला जाऊ नये. एरवी मात्र चढ जमण्यासारखा आहे. फक्त रानात फुटणाऱ्या ढोरवाटांनी भरकटू नका. पहिल्यांदा जात असाल तर लोहगडवाडीतला कुणीतरी वाटाड्या सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधीच ठरवा.

विसापूर वर प्रचंड सपाट आणि मोकळा आहे. कातळातला मारुती, पाण्याची टाकी, घरांची जोती, मैदानाच्या कडेने धावणारी लांबच लांब तटबंदी. आणि दरवाजे? ढासळलेले. आता कड्यावर जाऊन लोहगडाकडे बघा. तो तुमच्यापेक्षा खाली आहे! इथून लोहगडावर तोफा डागता येतात. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला, आणि मग लोहगड लढवण्यात अर्थच उरला नाही. विसापूर पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नये म्हणून त्यांनी त्याचे दोन्ही दरवाजे सुरुंगाने उडवले. लोहगडाचे राहू दिले. खाली उतरून लोहगडाच्या चार धडधाकट दरवाज्यांतून जाताना हे डोक्यात असलं, तर विसापूरवर ‘काही नाही’ असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही. म्हणून आधी विसापूर.

दुपारचं जेवण लोहगडवाडीत. तिथल्या घरांत पिठलं-भाकरी सांगता येते, पण ती सकाळी जातानाच सांगून ठेवावी. ऐनवेळी मॅगीच मिळते.

मग लोहगड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, या क्रमाने वाट वळत वळत वर जाते. बहुतेक लोक पायऱ्या मोजत मान खाली घालून चढतात. त्याऐवजी प्रत्येक वळणावर थांबून वर बघा. खालच्या दरवाज्याशी आलेला माणूस वरच्या बुरुजांच्या माऱ्यात असतो. तो दरवाजा त्याने फोडलाच, तर पुढच्या वळणावर दुसरा बुरुज तयार. महादरवाज्याजवळ पोचलात की मागे वळून खाली बघा, सगळी वाट एका नजरेत येते. या गडावरची सगळ्यांत शिकण्यासारखी जागा हीच, असं माझं मत आहे.

दरवाज्यातून नुसतं आरपार जाऊ नका. कमानीच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोकं शोधा. ती अडसराची. एका बाजूचं भोक खोल असतं, कारण दरवाजा उघडा असताना लाकडी अडसर तिथे आत सरकवून ठेवायचा. हात घालून बघायचा मोह होतो, पण आधी उजेड टाका, आत पाल किंवा विंचू असू शकतो. शेजारच्या देवड्या पहारेकऱ्यांच्या. तिथे उकिडवं बसून बाहेर बघितलं की पहारेकऱ्याला काय दिसत होतं ते कळतं. आणि कृपा करून तिथल्या भिंतीवर नाव कोरू नका. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत लोहगड आहे, म्हणजे गर्दी वाढणार आणि अशी नावंही.

वर लक्ष्मी कोठी, नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनी तळं आणि शेवटी विंचूकाटा. ही डोंगराची लांब, अरुंद सोंड आहे. तिच्यावर जायला एक छोटा कातळटप्पा उतरावा लागतो. तिच्या टोकावरून पवना धरणाचं पाणी आणि पलीकडे तिकोना-तुंग दिसतात. बाकीचे तीन गड शोधायचा सुरुवातीचा नियम इथे पुरा करून घ्या. वारा जोरात असेल तर टोकापर्यंत जाण्याचा आग्रह नको. गड लवकर उतरा, अंधार पडायच्या आत वाडीत पोचलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी तिकोना. कामशेतहून पवनानगरमार्गे तिकोना पेठेला जायचं. वाटेत बेडसे लेणी लागतात. भाजे लेण्यांपेक्षा तिथे माणसं कमी असतात आणि मला तर ती जास्त आवडतात. तिकोना तासाभरात चढून होतो. मध्ये मारुती, मग चुन्याचा घाणा. दगडात कोरलेली गोल चर आणि तिच्यात उभं फिरणारं जड चाक. बैल जुंपून यात बांधकामाचा चुना मळला जायचा. इतका चढ चढून आल्यावर, वरची भिंत ज्यांनी बांधली त्यांनी हे सगळं कसं जमवलं असेल, ते इथे जाणवतं. पुढे तळजाईचं लेणं, टाकं, आणि मग त्या प्रसिद्ध उभ्या, अरुंद पायऱ्या. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. तोंड कातळाकडे करून उतरा आणि खालून वर येणाऱ्यांना आधी येऊ द्या.

माथ्यावर महादेवाचं मंदिर आहे. तिथून दिसणारा जलाशय सगळ्यांना भुरळ घालतो. माझं सांगणं उलटं आहे: ते पाणी मनातून पुसून टाका. ते धरण आपल्या काळातलं. किल्ले नांदते होते तेव्हा तिथे नदी, शेतं आणि गावं होती. १६६५ मध्ये मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजांनी तुंग-तिकोन्याच्या आसपासची गावं जाळली, पण किल्ले त्यांना घेता आले नाहीत. हे किल्ले गेले त्याच वर्षीच्या पुरंदरच्या तहात. शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. वर उभं राहून त्या जळत्या गावांकडे बघणाऱ्या शिबंदीला काय वाटलं असेल, हा प्रश्न तळं बघताना पडत नाही, खोरं बघताना पडतो.

पाणी माणशी तीन लिटर घ्या. टाक्यातलं पाणी गावकऱ्यांनी पिण्याचं म्हणून दाखवलं तरच प्या. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यामुळे अत्तर नको, धूर नको, आरडाओरडा नको. बुटांचा तळ झिजलेला असेल तर सरळ घरी बसा.

तुंगसाठी तिसरा दिवस ठेवा. तो तिकोन्यावरून समोर दिसतो, पण मध्ये पाणी असल्याने रस्ता लांबून आहे: लोणावळ्याहून ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्याने घुसळखांब फाटा, आणि तिथून तुंगवाडी. गड लहान, सुळक्यासारखा, सावली जवळजवळ नाही. माथ्यावर तुंगाईचं मंदिर आणि जेमतेम बसण्यापुरती जागा. इतक्या जागेत मोठी फौज राहूच शकत नव्हती. हे पहाऱ्याचं ठिकाण होतं, आणि इथून काय काय दिसतं ते बघितल्यावर त्याबद्दल शंका राहत नाही. स्वतःचं वाहन नसेल तर फाट्यापासून तुंगवाडीपर्यंत जाऊन-येऊन चांगलीच पायपीट होते, म्हणून परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते सकाळी फाट्यावर उतरतानाच कंडक्टरला विचारून घ्या.